गाणं, सिनेमा आणि टीव्ही तिन्हीकडे काम करायचंय? मग आधी तारखा आणि कागद सांभाळायला शिका

गाता येतं, अभिनय जमतो, एका मालिकेसाठी विचारणाही झालीये आणि आता तिन्ही एकदम कसं निभवायचं ते कळत नाहीये, असं म्हणणारे बरेच जण भेटतात मला. माझं काम कलाकारांच्या तारखा लावायचं आणि त्यांचे करार वाचायचं, त्यामुळे तिन्हीकडचं काम नेमकं कुठे अडतं ते रोज समोर असतं. आणि खरं सांगू का, टॅलेंट कमी पडलं म्हणून गाडी अडली असं फार क्वचित होतं. अडते ती तारखांमुळे, घशामुळे, नाहीतर घाईघाईत सही केलेल्या एखाद्या ओळीमुळे. त्यामुळे रियाज किती करावा, ऑडिशनला काय घालावं असलं काही इथे मिळणार नाही, त्याच्यावर ढीगभर लिहून झालंय. ज्याच्यावर कोणी बोलत नाही तेवढंच लिहितोय.

एका वेळी एकच घर

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की तिन्ही क्षेत्रांत काम करायचं म्हणजे तिन्ही क्षेत्रांत एकाच वेळी तेवढंच काम करायचं असं नाही. एक क्षेत्र तुमचं घर, बाकी दोन ठिकाणी तुम्ही पाहुणे. काही वर्षांनी घर बदला, काही हरकत नाही, पण एका वेळी दोन घरं चालवायला गेलात की दोन्हीकडचे लोक वैतागतात.

अमेरिकन गायिका-अभिनेत्री शेर (Cher) हिचं करिअर बघा. १९६५ च्या आसपास ती गाण्यामुळे लोकांना माहीत झाली, मग १९७१ ते १९७४ टीव्हीवरचा व्हरायटी शो, आणि ऐंशीच्या दशकात तिने सिनेमाला घर केलं. १९८२ ला तिचा एक अल्बम आला आणि पुढचा थेट १९८७ ला! मधली पाच वर्षं मुख्यतः सिनेमे, आणि १९८८ ला बेस्ट अॅक्ट्रेसचं ऑस्कर. मग परत गाण्याकडे, ते इतकं की १९९८ चं तिचं गाणं जगभरात एक नंबरला गेलं. लोकं म्हणतात ती सगळीकडे एकदम होती, पण तारखा लावून बघितल्या की कळतं तसं नव्हतं, ती आळीपाळीने होती.

आपल्याकडचं सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे किशोर कुमार. पन्नासच्या दशकात ते मुख्यतः हिरो म्हणून काम करत होते, गाणीही गायचे पण बरीचशी स्वतःसाठी आणि देव आनंदसाठी. १९६९ ला 'आराधना' आला आणि पार्श्वगायन हेच घर झालं, अभिनय हळूहळू मागे पडत गेला. अभिनय येत नव्हता म्हणून नाही, तर गाण्याच्या तारखाच इतक्या लागल्या की दुसऱ्या कशाला जागा उरली नाही.

उलटं उदाहरण अमेरिकन गायक एल्विस प्रेस्लीचं. १९५६ ते १९६९ मध्ये ३१ सिनेमे, साठच्या दशकाच्या मध्यात वर्षाला तीन-तीन, आणि करारांची रचना अशी की सिनेमा आणि त्याचा साउंडट्रॅक एकमेकांना बांधलेले. १९६१ नंतर १९६९ पर्यंत तिकीट लावून स्टेज शो जवळजवळ बंदच. म्हणजे ज्याच्या स्टेजमुळे सिनेमेवाले आले तेच स्टेज सिनेमाने खाऊन टाकलं! बाहेर पडायला मदत केली ती टीव्हीने, डिसेंबर १९६८ च्या एका स्पेशल कार्यक्रमाने. पाहुणा म्हणून केलेलं एक नीट काम कधी कधी असं उपयोगी पडतं.

तर आता तुमचं घर कोणतं ते ठरवायचं कसं? भावनेवर जाऊ नका, एक साधी शीट काढा. गेल्या बारा महिन्यांतली सगळी कामं एकाखाली एक, पुढे चार रकाने: किती दिवस गेले (प्रवास, लुक टेस्ट, रिहर्सल, डबिंग सगळं धरून हं, नुसते शूटचे दिवस नाही), किती पैसे ठरले, प्रत्यक्ष किती आले, आणि त्या कामामुळे पुढचं कुठलं काम आलं. हा शेवटचा रकाना सगळे विसरतात आणि खरं उत्तर तिथेच असतं. बऱ्याच जणांच्या बाबतीत असं निघतं की पैसे टीव्हीने दिले, नाव सिनेमाने दिलं आणि पुढची कामं मात्र गाण्याच्या स्टेजवर बघणाऱ्या माणसांकडून आली. मग घर कोणतं? माझ्या मते ज्याच्यामुळे पुढचं काम येतंय ते, बाकीच्यांनी त्याचा खर्च उचलायचा. काही मॅनेजर म्हणतील जिथे पैसे तिथे घर, त्यांचंही चूक नाही, कर्ज किंवा घरच्यांची जबाबदारी असेल तर तेच बरोबर. पण ठरवा, न ठरवता वाहत जाऊ नका.

तिन्हीकडची घड्याळं वेगळी

सिनेमाच्या तारखा गठ्ठ्याने येतात आणि हमखास सरकतात. लोकेशनची परवानगी अडली, पाऊस, मुख्य कलाकार आजारी, पैशाचा पुढचा हप्ता आला नाही, कारणं शंभर. टीव्हीच्या तारखा सरकत नाहीत पण संपतही नाहीत, एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले एपिसोड, कमी झाली की उद्याचा कॉलटाइम (सेटवर यायची वेळ) आज रात्री येतो, आणि गोष्टीत तुमचा ट्रॅक अचानक वाढला तर महिन्याचे दहा दिवस ठरलेले बावीस होतात. गाण्याच्या कार्यक्रमाचं तिसरंच, तारीख कित्येक महिने आधी ठरते, तिकिटं विकली जातात आणि मग ती जगात कोणीच हलवू शकत नाही.

यातून एक सोपा नियम निघतो. कॅलेंडरवर पहिल्यांदा स्टेज शो टाका कारण ते हलत नाहीत, मग मालिकेचे ठरलेले दिवस, आणि उरलेल्या जागेत सिनेमा, तोही दोन्ही बाजूंना मोकळे दिवस ठेवून. सिनेमावाला म्हणाला अठरा दिवस तर पंचवीस धरा. नवीन लोकं नेमकं उलटं करतात, सिनेमा म्हटलं की बाकी सगळं कॅन्सल करून बसतात, मग सिनेमा दोन महिने पुढे ढकलला जातो आणि हातात काहीच नाही.

कॅलेंडरमध्ये तारखेचे तीन प्रकार ठेवा, पक्की, होल्ड आणि बंद. पक्की म्हणजे करार झालाय आणि अॅडव्हान्स आलाय, दोन्ही हं, नुसतं फोनवर 'तुम्हीच करताय' म्हणणं म्हणजे पक्की नाही. होल्ड म्हणजे कोणीतरी तारीख धरून ठेवायला सांगितलीये, आणि प्रत्येक होल्डला शेवटची मुदत हवीच. मेसेज साधा टाकायचा, असा:

'नमस्कार, ४ ते १२ या तारखा तुमच्यासाठी होल्डवर ठेवल्या आहेत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लेखी कन्फर्मेशन आणि अॅडव्हान्स आला तर पक्क्या करतो, नाहीतर दुसऱ्या कामाला द्याव्या लागतील. त्याआधी दुसरं कोणी मागितल्या तर देण्याआधी तुम्हाला एकदा विचारेन.'

शेवटची ओळ महत्त्वाची, त्याच्यामुळे समोरचा चिडत नाही. आणि विचारेन म्हटलंय तर खरंच विचारा!

बंद म्हणजे कोणालाही न द्यायचे दिवस, आवाजाची विश्रांती, प्रवास, डॉक्टर. हे दिवस आधीच टाकले नाहीत तर ते कधीच मिळत नाहीत, एवढं लिहून ठेवा.

मालिकेचा करार करताना पहिली प्रायॉरिटी कोणाची हे स्पष्ट लिहून घ्यायचं. निर्माता म्हणणारच की आमची. मग म्हणा ठीक आहे, पण महिन्यातले अमुक दिवस माझे, आणि करारावर सही करताना आधीच ठरलेल्या शोची यादी करारालाच जोडा. तोंडी 'अहो अॅडजस्ट करू की' यावर विसंबू नका. म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण सहा महिन्यांनी त्या खुर्चीवर दुसराच माणूस बसलेला असतो.

अजून एक, दिसण्याची कंटिन्युइटी. मालिकेत दाढी आहे, सिनेमात गुळगुळीत, आणि गाण्याच्या व्हिडिओवाल्याला केस रंगवून हवेत. ज्याचं शूट अर्धवट आहे त्याचा तुमच्या केसांवर पहिला हक्क, हे इंडस्ट्रीत सगळे मानतात, पण शूट संपल्यावर पॅचवर्कसाठी (राहिलेले तुकडे नंतर शूट करण्यासाठी) किती दिवस लुक सांभाळायचा हे कोणी लिहीत नाही. ते लिहून घ्या. नाहीतर एका शॉटसाठी दोन महिने तुमचे केस अडकून पडतात.

घसा एकच आहे

गायक जेव्हा अभिनयाकडे जातात तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान या ठिकाणी होतं, आणि बाहेरच्यांना ते दिसत नाही. ओरडण्याचा सीन, समजा कोणीतरी मेलंय आणि तुम्हाला किंचाळायचंय. आधी मास्टर शॉट म्हणजे पूर्ण सीन लांबून, मग समोरच्याचा क्लोज म्हणजे जवळून चेहरा, मग तुमचा क्लोज, मग विमान गेलं म्हणून परत, मग फोकस गेला म्हणून परत. म्हणजे पडद्यावरची एक किंकाळी, घशाला पंधरा-वीस. त्यात तुम्ही चांगले कलाकार, समोरच्याच्या क्लोजलाही जीव तोडून ओरडता. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग असेल तर गेलं.

काय करायचं तर, दिग्दर्शकाला सकाळीच सांगा की माझा क्लोज आधी घ्या, आणि समोरच्याच्या क्लोजला मी चेहऱ्याने पूर्ण देईन, आवाजाने अर्धा. बहुतेक जण ऐकतात, कारण चांगला आवाज त्यांनाही पाहिजे असतो. साउंडवाल्यालाही सांगून ठेवा. डबिंगला गेलात की आधी शांत सीन, मग नेहमीचे, आणि मारामारीचे हुंकार, रडणं, किंचाळणं अगदी शेवटी, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी गाणं ठेवायचंच नाही. कुजबुजणं म्हणजे आराम हा एक गैरसमज आहे, जोर लावून कुजबुजलं तर घशावर ताणच येतो, गप्प बसणं म्हणजे आराम. सेटवर दोन शॉटच्या मध्ये जनरेटर आणि गर्दीच्या आवाजावर गप्पा मारणं तर सीनपेक्षा जास्त आवाज बसवतं.

दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त आवाज बसलेला राहिला तर घशाच्या डॉक्टरला दाखवा, काढे-गुळण्यांवर वेळ घालवू नका. ऑपरेशन सुचवलं तर दुसरं मत घ्या. गायिका-अभिनेत्री ज्युली अँड्रूजचं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं, १९९७ ला घशावर शस्त्रक्रिया झाली आणि तिचा गाण्याचा आवाज परत आलाच नाही. ती संपली नाही, सिनेमे केले, अॅनिमेशनमध्ये आवाज दिला, पुस्तकं लिहिली, पण ते जमलं कारण गाण्याशिवायची बाजू आधीपासून तयार होती.

तांत्रिक बाजूचं थोडक्यात सांगतो. सिनेमा-टीव्हीसाठी ऑडिओ सहसा ४८ किलोहर्ट्झवर चालतो, नुसत्या गाण्याच्या रिलीजसाठी बऱ्याचदा ४४.१ वर, तर घरून व्होकल पाठवत असाल तर आधी विचारून घ्या, उगाच नंतर कन्व्हर्ट करायची वेळ येते. स्वतःच्याच गाण्यावर लिप सिंक करताना नुसते ओठ हलवू नका, खरंच गा, हळू आवाजात का होईना, नाहीतर श्वास आणि मानेच्या शिरा खोटं सांगतात आणि कॅमेऱ्याला ते दिसतं. आणि रेकॉर्डिंगच्या वेळी फोनवर स्वतःच्या चेहऱ्याचा व्हिडिओ काढून ठेवा, शूट चार महिन्यांनी असतं आणि तोपर्यंत श्वास कुठे घेतला होता ते तुम्हालाही आठवत नाही.

करारातल्या त्या तीन-चार ओळी

वकील लागतोच, पण वकिलाला काय विचारायचं हे तुम्हाला माहीत पाहिजे. तिन्हीकडे काम करणाऱ्याला सगळ्यात जास्त चटका देणारी ओळ म्हणजे एक्स्क्लुझिव्हिटी. लेबलच्या, म्हणजे गाणी रेकॉर्ड करून विकणाऱ्या कंपनीच्या, करारात साधारण असं असतं की करार चालू असताना कलाकाराचा आवाज दुसऱ्या कोणासाठीही रेकॉर्ड होणार नाही. वाचायला सरळ वाटतं. आता सिनेमा मिळाला, त्यात तुमचं पात्र एक गाणं गातं, आणि सिनेमाच्या निर्मात्याने म्युझिक दुसऱ्याच लेबलला विकलंय. झालं, तुमच्या एका गाण्यासाठी दोन कंपन्या भांडणार आणि मध्ये तुम्ही. कधी कधी क्रेडिटमध्ये 'अमुक कंपनीच्या सौजन्याने' असं दिसतं ना, ते याच भानगडीतून निघालेलं असतं. म्हणून लेबलच्या करारात पहिल्या दिवशीच सूट लिहून घ्या: सिनेमा, मालिका आणि जाहिरातीत पात्र म्हणून गायलेलं, डबिंग, टायटल साँग, आणि टीव्हीवरचा लाइव्ह परफॉर्मन्स यांना ही अट लागू नाही, किंवा परवानगी मागितल्यावर इतक्या दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी दिली असं समजलं जाईल. ही दुसरी सोय मला जास्त आवडते, कारण कंपन्या नाही म्हणत नाहीत, उत्तरच देत नाहीत.

टीव्हीवाल्यांची एक्स्क्लुझिव्हिटी वेगळी, ते म्हणतात दुसऱ्या चॅनलवर दिसायचं नाही. मग नवीन गाण्याच्या प्रमोशनला दुसऱ्या चॅनलच्या कार्यक्रमात जायचं असेल तर? 'स्वतःच्या संगीताच्या किंवा सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी पाहुणा म्हणून जाता येईल' एवढी एक ओळ घाला. तुम्ही मागितलीत तर मिळते, नाही मागितली तर कोणी आपणहून देत नाही.

दुसरी गोष्ट कराराची मुदत. 'तीन वर्षं' वाचून खूश होऊ नका, तीन वर्षं की तीन अल्बम ते बघा, आणि तुम्ही शूटिंगला गेलात तर तो काळ मुदतीत मोजला जाणार की पुढे जोडला जाणार तेही. यावर मोठी भांडणं झालीत. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात असा करार जास्तीत जास्त सात वर्षं चालतो. तिथे अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलंड स्टुडिओविरुद्ध कोर्टात गेली होती, कारण स्टुडिओ सस्पेन्शनचे, म्हणजे काम थांबवून ठेवलेले, महिने करारात जोडत बसला होता, आणि १९४४ ला निकाल लागला की सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं. नट-नट्यांचं भलं झालं. पण १९८७ मध्ये त्याच कायद्यात बदल करून रेकॉर्ड कंपन्यांना न दिलेल्या अल्बमची भरपाई मागायची वाट ठेवली गेली. म्हणजे एकाच राज्यात, एकाच कायद्यात, अभिनेत्याला एक न्याय आणि गायकाला दुसरा! जॅरेड लेटो दोन्ही आहे, आणि २००८ ला त्याच्या बँडवर लेबलने ३ कोटी डॉलरचा दावा ठोकला तो याच सात वर्षांच्या मुद्द्यावरून, पुढे तडजोड झाली. तुमच्या देशाचा कायदा वेगळा असेल, पण प्रश्न तोच विचारायचा, की काम थांबलं तर घड्याळ थांबतं का.

तिसरी, परत रेकॉर्ड करायची बंदी. लेबल सोडल्यावर तीच गाणी पुन्हा किती वर्षं रेकॉर्ड करता येणार नाहीत, हे लिहिलेलं असतं. टेलर स्विफ्टने २०२१ पासून जुने अल्बम पुन्हा रेकॉर्ड करून काढले, ते ती मुदत संपली म्हणूनच शक्य झालं, आणि तेव्हापासून कंपन्या ही मुदत वाढवून मागायला लागल्यात. सिनेमात काम करणाऱ्याला याचा अजून एक फायदा असतो, कुठल्या निर्मात्याला तुमचं जुनं गाणं वापरायचं असेल तर तुमच्या मालकीचं व्हर्जन तुम्ही देऊ शकता.

आणि चौथी, नवीन, आवाज आणि चेहऱ्याची डिजिटल कॉपी. २०२३ ला अमेरिकेतले कलाकार ११८ दिवस संपावर होते, त्यातला एक मोठा मुद्दा हाच होता. करारात 'सध्या माहीत असलेल्या आणि भविष्यात येणाऱ्या सर्व तंत्रांनी' असे शब्द दिसले की थांबा. लिहून घ्या की आवाजाचं किंवा चेहऱ्याचं मॉडेल बनवायचं तर प्रत्येक वापरासाठी वेगळी लेखी संमती आणि वेगळं मानधन. गायकांनी तर गाईड ट्रॅकबद्दल पण लिहून घ्यावं, डमी म्हणून गायलेलं डिलीट होणार की कुठल्यातरी मशीनला खायला जाणार ते.

पैसे नेमके कशाचे येतात

इथे घोळ असा की एकाच गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना म्हणजे शब्द आणि चाल, दुसरं रेकॉर्डिंग म्हणजे मास्टर. सिनेमा किंवा मालिकेला गाणं वापरायचं तर दोन्हीची परवानगी लागते. तुम्ही फक्त गायलात तर पहिल्यात तुमचं काही नाही, दोन ओळी लिहिल्यात किंवा चालीत खरंच भर घातलीत तर आहे, पण ते त्याच आठवड्यात कागदावर टक्केवारीसकट लिहिलं गेलं तरच. गाणं हिट झाल्यावर टक्केवारी विचारणारा माणूस सगळ्यांना वाईट वाटतो.

अमेरिकन गायिका-गीतकार डॉली पार्टनचं उदाहरण मी सगळ्यांना सांगतो. १९७४ ला तिचं एक गाणं एल्विसला गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरने अट घातली की रचनेच्या प्रकाशनाचे अर्धे हक्क द्या. एल्विस म्हणजे तेव्हा एल्विस! तरी ती नाही म्हणाली. १९९२ ला तेच गाणं व्हिटनी ह्यूस्टनने 'द बॉडीगार्ड' या सिनेमासाठी गायलं, आणि रचनेचे सगळे पैसे डॉलीकडे गेले. ती स्वतः १९८० पासून सिनेमातही होती, पण तिच्या करिअरचा पाया कायम गाणी लिहिणं आणि ती आपल्या नावावर ठेवणं हाच राहिला.

गाणाऱ्याचे हक्क आणि पडद्यावर दिसणाऱ्याचे हक्क यात पण फरक आहे आणि तो आंतरराष्ट्रीय पातळीवरचा आहे. १९६१ च्या रोम करारात कलाकाराला काही हक्क मिळाले, पण त्याच करारात असंही आहे की एकदा कलाकाराने आपलं काम चित्रीकरणात घ्यायला संमती दिली की ते हक्क पुढे लागू राहत नाहीत. म्हणजे सिनेमात दिसलात की खेळ संपला. पडद्यावरच्या कलाकारांसाठी वेगळा करार व्हायला २०१२ साल उजाडलं, बीजिंगमध्ये, आणि तो अमलात आला २८ एप्रिल २०२० ला. तुमचा देश त्यात आहे की नाही बघा. आणि तोपर्यंत एक धरून चला की दृश्य कामात जे कागदावर लिहून घ्याल तेवढंच तुमचं.

नोंदणीची कामं कंटाळवाणी आहेत पण एकदाच करायची असतात. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नंबर असतो, १२ अक्षर-अंकांचा, रिलीज होताना तो तुमच्या नावासकट नोंदला गेला का ते विचारा. कलाकार म्हणून आयएसएनआय हा १६ अंकी नंबर काढता येतो, एकाच नावाची दोन माणसं असतील तर तोच वाचवतो. आणि नावाचं स्पेलिंग तिन्हीकडे एकच ठेवा बाबांनो, सिनेमात आडनावासकट, गाण्यात नुसतं पहिलं नाव आणि टीव्हीवर मधलं अक्षर लावून असं केलं तर सर्च करणाऱ्याला तुम्ही तीन वेगळी माणसं वाटता, रॉयल्टी वाटणाऱ्यालाही.

क्रेडिट म्हणजे नुसता मान नाही, ते पुढचं काम आहे. १९४९ च्या 'महल'मधल्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून लता मंगेशकरांचं नाव नव्हतंच, पात्राचं नाव होतं, कामिनी! तिकडे हॉलिवूडमध्ये मार्नी निक्सन मोठमोठ्या नायिकांसाठी गायली आणि पडद्यावर नाव नाही. आता नाव मिळतं, पण कुठे मिळतं ते बघावं लागतं, शेवटच्या पळत्या यादीत की सुरुवातीला, आणि ऑनलाइन प्लॅटफॉर्म शेवटची यादी लगेच कापून पुढचा एपिसोड लावतो तेव्हा काय. म्हणून करारात गाण्याच्या ऑनलाइन माहितीत आणि व्हिडिओच्या वर्णनात पण नाव, असं लिहून घ्यायचं.

अभिनयाकडून गाण्याकडे येणाऱ्यांसाठी

हे थोडं वेगळं आहे कारण लोक आधीच शंका घेऊन बसलेले असतात, की फेमस आहे म्हणून गातोय. मालिका टॉपला असताना घाईने सिंगल काढणं हा सगळ्यात वाईट मार्ग, पात्राच्या नावावर चार दिवस चालतं आणि मालिका संपली की गाणंही संपतं. ब्रिटिश अभिनेता ह्यू लॉरीने चांगलं केलं, डॉक्टरच्या भूमिकेतली त्याची मालिका २००४ ते २०१२ चालली, अल्बम त्याने २०११ ला काढला, तोही ब्लूज, ज्याच्यात त्याला खरंच रस होता, आणि सोबत त्यातले मुरलेले वादक घेतले. त्याच्यामुळे टीका करणाऱ्यांनाही निदान ऐकावं लागलं. तुम्हीही छोट्या जागेत लाइव्ह गाऊन सुरुवात करा, जिथे लोक शंभर असतील पण गाणं ऐकायलाच आलेले असतील.

माणसं किती ठेवायची

सुरुवातीला एकही नाही. खरंच. तारखांची शीट आणि एक तासावर पैसे घेणारा वकील पुरतो. मॅनेजर तेव्हा घ्या जेव्हा आलेल्या कामांना उत्तर द्यायलाच वेळ मिळत नाही, काम आणून देईल या आशेवर नको. घेताना विचारायचं की कमिशन तिन्ही क्षेत्रांवर की फक्त त्याने आणलेल्या कामावर, तुम्ही आधीपासून करताय त्या मालिकेवर पण लावणार का, आणि कमिशन कशावर मोजायचं, पूर्ण रकमेवर की प्रवास, वादक, मेकअप वजा करून उरलेल्यावर. स्टेज शोमध्ये हा फरक फार मोठा निघतो, कारण खर्चच निम्म्याच्या वर जातो आणि पूर्ण रकमेवर कमिशन दिलं तर कधी कधी मॅनेजरला गायकापेक्षा जास्त मिळतात.

आणि वेगळे झाल्यावर काय, ते पहिल्याच दिवशी. त्याच्या काळात झालेल्या मालिकेचे पाच सीझन आले, तर पाचव्या सीझनपर्यंत कमिशन देत राहणार का? पायरी-पायरीने कमी होत जाईल असं लिहा, पहिल्या वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी अर्धं, मग बंद. रॉयल्टीची स्टेटमेंट मात्र कधीच फक्त मॅनेजरच्या ईमेलवर जाऊ देऊ नका, तुमचा स्वतःचा एक ईमेल त्यासाठीच काढा, लेबल, चॅनल, रॉयल्टी गोळा करणारी सोसायटी सगळ्यांना तोच द्या आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा.